भडगावच्या खदानीतला जेलीफिश

अभिमन पवार सरांशी बोलताना एक पथ्य पाळावं लागतं. "सर, तो तुमचा ऑक्टोपस सापडला का?" असं त्यांना चुकूनही विचारायचं नाही. फैजपुरात हा प्रश्न त्यांना किराणा दुकानात विचारला गेलाय, दवाखान्यात विचारला गेलाय, एकदा तर मयतीला गेले असतानाही विचारला गेलाय. विचारणारा बहुतेक वेळा त्यांचा जुना विद्यार्थीच असतो, आणि सरांना खरी चीड त्याचीच येते. तो ऑक्टोपस नव्हता, जेलीफिश होता, आणि या दोघांतला फरक त्यांनी त्याच विद्यार्थ्याला फळ्यावर आकृती काढून शिकवलेला असतो.

सर फैजपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे आणि मी शेजारच्या प्रयोगशाळेत वनस्पतिशास्त्र. मधे एक पातळ भिंत होती. त्यामुळे त्यांच्या प्रयोगांचे आवाज आणि वास माझ्याकडे आधी पोचत आणि बातमी नंतर. एकदा त्यांनी स्टाफरूमचे पडदे लावून आम्हाला विंचू दाखवला. जांभळ्या दिव्याखाली विंचू हिरवट चमकतो, ते दाखवायचं होतं. चमकला, छानच चमकला. पण तेवढ्यात लाइट गेली, आणि पडदे उघडेपर्यंत टेबलावर नुसती काचेची बशी उरली होती. विंचू दुपारी प्राचार्यांच्या खोलीत निघाला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी गच्चीवरच्या शेवाळातून एक सूक्ष्म प्राणी शोधला. त्याला पाणअस्वल म्हणतात. आठ पायांचा आणि अतिशय चिवट. वाळवा, गोठवा, पाणी मिळालं की पुन्हा चालायला लागतो. तसं खरंच होतं का, हे बघायला सरांनी ते शेवाळ वाळवून घरच्या फ्रीजरमध्ये पुडीत ठेवलं. प्रमिलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, ती पुडी कसुरी मेथीची समजून मटाराच्या भाजीत चुरडली. सरांना पहिल्याच घासाला कळलं होतं. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला पोटाबद्दल इतकं बारकाईने विचारलं की प्रमिलाबाईंना संशय आला. मग जे झालं ते सर सांगत नाहीत, प्रमिलाबाई सांगतात.

हे किस्से आम्ही सगळ्यांनी मिटक्या मारत पसरवले. त्यामुळे पवार सर म्हणजे करमणूक, असं तालुक्यात ठरून गेलं. सरांना तेव्हा त्याचं काही वाटत नव्हतं. पुढे वाटायला लागलं.

सर मूळचे भडगावचे. त्यांची धाकटी बहीण बेबाबाई अजून तिथेच राहते. मे महिन्यात सर आठवडाभर तिच्याकडे जात. गावाबाहेर, गिरणा नदीच्या अंगाला, झुलालनानांची एक जुनी दगडाची खदान आहे. काम कधीचं बंद पडलेलं, आणि खड्ड्यात पाणी साचून त्याचं तळं झालेलं. आसपासच्या विहिरी आटल्या तरी ते आटत नाही. टाळेबंदीच्या आधीच्या उन्हाळ्यात एका सकाळी सर त्या काठावर बसले होते. बेबाबाई त्यांना न्याहारीला बोलवायला आली आणि तिचं लक्ष पाण्याकडे गेलं.

"भाऊ, हाई काय शे?" ती म्हणाली. "काचना रुपया पोही ऱ्हायनात का?"

सरांनी पाहिलं. पाण्यात काहीतरी उमलत होतं आणि मिटत होतं. रुपयाएवढी, आरपार दिसणारी छत्री. कडेला केसांसारख्या झिरमिळ्या. एक दिसली आणि मग नजर सरावल्यावर कितीतरी दिसायला लागल्या. वर यायच्या, थांबायच्या, झिरमिळ्या पसरून हळूहळू खाली बुडायच्या, पुन्हा वर.

जेलीफिश समुद्रातला. पण गोड्या पाण्यातही त्याची एक-दोन भावंडं आहेत, हे सरांनी पुस्तकातून वर्षानुवर्षं शिकवलं होतं. सह्याद्रीतल्या काही नद्यांत आपल्याकडची एक जात नोंदलेली आहे, हेही त्यांना माहीत होतं. गिरणा सह्याद्रीतूनच येते. म्हणजे हे जीव नदीबरोबर वाहत खानदेशात उतरले असतील, आणि खानदेशात त्यांना पाहणारे आपण पहिले, हा सगळा हिशोब सरांच्या डोक्यात काठावरच मांडून झाला. ते मला नंतर म्हणाले, की बेबाबाई न्याहारीसाठी हाका मारत होती, त्या त्यांना ऐकूच आल्या नाहीत. बेबाबाईला वाटलं, ऊन लागलं.

पुढे सगळं चुकत गेलं. सर सुट्टीवर आलेले, जवळ जीव टिकवायला फॉर्मॅलिन नाही, काचेची बरणी नाही. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला, पण आरपार प्राण्याचा व्हिडिओ तो काय येणार. त्यात आभाळ दिसतं आणि सरांची टोपी. मग बेबाबाईच्या घरचा एक स्टीलचा डबा घेऊन त्यांनी काही जीव पाण्यासकट उचलले आणि पहिली एसटी धरली. उन्हाचा तो तडाखा, डबा मांडीवर. भुसावळला त्यांनी झाकण उघडलं तेव्हा आत नुसतं पाणी होतं, किंचित बुळबुळीत. जेलीफिशच्या अंगात जवळजवळ सगळं पाणीच असतं. मेला की तो राहत नाही, विरघळतो. शिवाय डबा लोणच्याचा निघाला. कितीही घासला तरी मीठ कुठेतरी राहिलं असणार, असं सरांचं आजही म्हणणं आहे, आणि ते बेबाबाईसमोर काढायचं नाही हेही ठरलेलं आहे.

तो डबा घेऊन ते माझ्याकडे आले. आम्ही दोघांनी थेंब थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. फाटक्या पापुद्र्यांसारखं काहीतरी होतं. मी सरळ सांगितलं, की मला यातून काही ओळखता येत नाही. सर म्हणाले, "तुम्हाला ओळखायला कोण सांगतंय, बाई? तुम्ही फक्त बघा." आणि पुढचा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

बातमी मात्र फुटली. कुठल्याशा वर्तमानपत्रात "गिरणाकाठी समुद्री जीव, प्राध्यापकाचा दावा" असं छापून आलं. सोबत फोटो हवा म्हणून त्यांनी इंटरनेटवरून एक लालभडक ऑक्टोपस उचलून लावला. सरांचं नाव बरोबर होतं, गावाचं नाव बरोबर होतं आणि मधे तो ऑक्टोपस. सरांनी खुलासा पाठवला. तो छापला गेला नाही.

त्यांनी पुण्याच्या एका संशोधन संस्थेला लिहिलं. तिकडून एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ आणि त्यांची विद्यार्थिनी ऋतिका यायला तयार झाले. पण ते आले जूनअखेर, आणि तोवर दोन जोरदार पाऊस होऊन गेले होते. खदानीचं पाणी चहासारखं गढूळ झालेलं. ऋतिकाने गुडघाभर चिखलात उभं राहून जाळी टाकली, पुन्हा पुन्हा टाकली. बेडकांची पिल्लं आली, पाणकिडे आले, गुटख्याच्या पुड्या आल्या. काठावर अर्धं गाव जमलं होतं. सगळ्यांच्या समोर ते शास्त्रज्ञ अगदी शांतपणे म्हणाले, की पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशवीचे तुकडे तरंगले की उन्हात तसे भास होतात, चांगल्या चांगल्या माणसांना होतात.

बेबाबाईला ते ऐकवलं नाही. ती पुढे होऊन म्हणाली, की पिशवी स्वतःहून मिटत-उघडत नाही, आणि तिने ते डोळ्यांनी पाहिलंय. शास्त्रज्ञ हसले, नमस्कार केला. दुपारी तिच्याकडे भरीत-भाकरी जेवले आणि भरीत कसं करतात ते मात्र नीट विचारून घेतलं.

त्यानंतर प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं, की यापुढे अशा गोष्टींना कॉलेजचं नाव जोडू नका. सर आपल्या खोलीत आले आणि भिंतीवरचा जेलीफिशचा तक्ता काढून गुंडाळून ठेवला. त्याच डिसेंबरअखेरीस ते निवृत्त होणार होते. निरोपसमारंभात तीन वक्ते बोलले आणि तिघांनीही विंचू सांगितला.

निवृत्तीनंतर एकदा धुळ्याला विज्ञान शिक्षकांचा मेळावा होता. सरांना बोलावणं आलं, मलाही आलं. सर खुशीत होते. अखेर शिकलेल्या माणसांसमोर नीट मांडता येईल, म्हणून त्यांनी आकृत्या काढल्या, पाण्याच्या तापमानाचा मुद्दा तयार केला. तिथे पोचल्यावर पाहिलं तर त्यांचं भाषण "विज्ञानातल्या गमतीजमती" या सत्रात टाकलेलं. त्यांच्या आधी शिरपूरकडचे एक गृहस्थ दोन तोंडांच्या मांडुळाबद्दल बोलले, आणि दुसरं तोंड म्हणजे खरं तर शेपूट असतं हे समजल्यावर आपण कसे फसलो ते सांगून त्यांनी हशा मिळवला. त्यांच्यानंतर साक्रीच्या एका भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी कोंबडीच्या अंड्यांना सतार ऐकवण्याचा प्रयोग सांगितला. अंडी उबली, पण पिल्लं सतार लागली की झोपायची आणि बंद केली की कलकलाट करायची; शेवटी शेजाऱ्यांनी तक्रार केली. लोक पोट धरून हसत होते. त्यानंतर सर उठले. त्यांनी "भडगाव" म्हटलं आणि लोक हसायला लागले. ते "गोड्या पाण्यातला" म्हणाले, तरी हसले. सरांनी आकृत्या परत घडी घातल्या आणि दोन वाक्यांत भाषण संपवलं. परतीच्या रस्त्यात ते मला म्हणाले, "त्या मास्तरांना हसवायचं होतं, बाई. मला नव्हतं."

त्यांनी ठरवलं, की आता प्राणी समोर आणून ठेवल्याशिवाय बोलायचं नाही. हा जेलीफिश एरवी छत्रीच्या रूपात नसतोच. तो पाण्याखालच्या दगडाला चिकटून असतो, खसखशीच्या दाण्याहून बारीक कोंब म्हणून. त्याला पॉलिप म्हणतात. पाणी तापलं, खाणं मिळालं, की कधीतरी त्याला फुटवा येतो आणि ती छत्री सुटून पोहायला लागते. कधी, ते त्याच्या मर्जीवर. काही वर्षं येते, काही वर्षं येत नाही.

सरांनी खदानीतले दगड पोत्यात भरून फैजपूरला आणले आणि गच्चीवर टाक्या मांडल्या. त्यानंतरची दोन वर्षं त्या घरात कुणी सुखाने गच्चीवर गेलं नाही. पापड वाळत घालायला जागा नाही. उन्हाळ्यात पाणी फार तापतं म्हणून टाक्यांवर केळीची पानं, हिवाळ्यात फार गार होतं म्हणून पाणी तापवायची सळई. लाइट गेली की सगळं बिघडायचं. खाणं म्हणून त्यांनी डबक्यातल्या पाणपिसवा, म्हणजे पाण्यातले बारीक जीव, वाढवल्या, त्यांच्यात डासांच्या अळ्या घुसल्या, आणि फवारणीवाले येऊन दंडाची भाषा करून गेले. प्रमिलाबाई मला म्हणायच्या, की माणूस रिटायर झाला की घरात मदत होते असं ऐकलं होतं.

आणि एके सकाळी एका टाकीचं झाकण उघडून प्रमिलाबाईंनी गच्चीवरूनच हाका मारल्या. टाकीच्या कडेला पपईएवढा एक गोळा धरला होता. पारदर्शक, थलथलीत, वरून फुलांसारखी नक्षी. आदल्या आठवड्यात तिथे काही नव्हतं.

सर धावत गेले. पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. ते ब्रायोझोआ होते, म्हणजे अतिसूक्ष्म जिवांची वसाहत. तळ्यातळ्यांत, बुडालेल्या फांद्यांवर ती सापडते. दगडाबरोबर तिचं बी आलं असणार. सरांना हवं होतं ते आलं नाही, आणि नको होतं ते जोमाने वाढलं.

पण लोकांना ते कोण सांगणार. शेजारणीने पाहिलं, तिने गल्लीला सांगितलं. संध्याकाळपर्यंत जिन्यात रांग लागली. कुणी म्हणालं आतडं आहे, कुणी म्हणालं डोळा आहे, एकीने हळदकुंकू आणलं ते प्रमिलाबाईंनी दारातून परत पाठवलं. जे लोक ऑक्टोपसवरून चिडवायचे तेच आता आदराने बोलायला लागले. सरांनी शेवटी प्राणी तयार केला, अशी हवा झाली. एका मंडळाने सत्कार ठेवला. फलकावर सरांचा फोटो, शेजारी त्या गोळ्याचा फोटो, आणि खाली "दुर्मिळ जीवाचे जनक".

मी त्या सत्काराला पहिल्या रांगेत होते. शाल, श्रीफळ झालं. सर माईकपाशी गेले आणि रागावलेल्या आवाजात म्हणाले, की हा जीव दुर्मिळ नाही, तो त्यांनी तयार केलेला नाही, तो चुकून आलेला आहे, आणि ज्या प्राण्याबद्दल ते सांगत आले तो वेगळा आहे, तो खरोखर समोर होता तेव्हा कुणी बघायला आलं नाही. मग टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष म्हणाले, एवढं मोठं काम करूनही किती हा विनय.

घरी येऊन सरांनी टाक्या रिकाम्या केल्या. प्रमिलाबाईंनी ते दगड कुंडीभोवती कडेला लावून टाकले. आता हे संपलं, असं मलाही वाटलं.

मग जळगावहून एक फोन आला. अखिल नावाचा तरुण, बियाण्यांच्या व्यापाऱ्याच्या घरातला. त्याच्या दिवाणखान्यात माशांची मोठी काचपेटी होती, आत पाणवनस्पती लावलेल्या. त्याची बायको रिद्धी सकाळी माशांना खाणं घालताना थबकली. पाण्यात छोट्या छोट्या छत्र्या होत्या. ती जुनी बातमी अखिलला आठवली आणि त्याने शोधून सरांचा नंबर काढला. सरांनी मला फोन केला. म्हणाले, "बाई, चला. या वेळी साक्षीदार पाहिजे."

मी पाहिले ते तिथे. इतकी वर्षं ऐकत आलेले ते काचेचे रुपये माझ्या नाकासमोर मिटत होते आणि उघडत होते. मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. ते कपाळाला आठ्या घालून उभे होते. "इथे कसे?" एवढंच ते पुटपुटले. मग पिशवीतून फॉर्मॅलिनची बाटली काढली. या वेळी ते तयारीने आले होते.

अखिलचे आजोबा भिकमचंदजी झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, बाटलीत काय आहे. सरांनी सांगितलं, की यात प्राणी टाकला की विरघळत नाही, कायमचा राहतो.

"म्हणजे मरतो," भिकमचंदजी म्हणाले.

"हो, पण..."

"सर, माझ्या घरात जीव मारायचा नाही. बाकी तुम्ही सांगाल ते करू. गाडी देतो, माणूस देतो. जिवंत घेऊन जा."

सरांनी समजावलं. जिवंत नेला की वाटेत मरतो, आणि मेला की उरत नाही, म्हणजे तो दोन्हीकडून मरतोच. आजोबा ऐकून घेत होते. रागावले नाहीत, पण हललेही नाहीत. रिद्धीने चहा आणला. सर त्या काचेसमोर बाटली हातात धरून बसले, आणि ज्याच्यासाठी इतकं केलं तो प्राणी हातभर अंतरावर पोहत होता. शेवटी मीच पुण्याला ऋतिकाला फोन लावला. ती एव्हाना शिकून त्याच संस्थेत लागली होती. ती दुसऱ्या दिवशी स्वतः आली आणि थर्मासमध्ये त्याच पेटीतलं पाणी भरून काही जीव जिवंत घेऊन गेली. भिकमचंदजींनी तिला दारापर्यंत सोडलं आणि पुढचं तिच्यावर सोपवलं.

उत्तर आलं. जेलीफिशच होता. पण सह्याद्रीतला नव्हे, चीनकडचा; पाणवनस्पतींबरोबर तो जगभर पसरलेला आहे. अखिलच्या पेटीतल्या वनस्पतींबरोबरच तो आला. ऋतिकाने नोंद छापली, त्यात सरांचे आभार मानले. भडगावच्या खदानीचा उल्लेखही तिने केला होता, "अपुष्ट निरीक्षण" म्हणून.

हे वाचून सर फोनवर तिच्यावर इतके चिडले की प्रमिलाबाईंना हातातून फोन घ्यावा लागला. ऋतिकाने दुसऱ्या दिवशी स्वतः फोन केला. ती म्हणाली, "सर, मी त्या दिवशी चिखलात उभी होते. माझा विश्वास आहे. पण विश्वासाची नोंद करता येत नाही. मला खदानीतला दगड पाठवा, पॉलिप असलेला."

दगड कुंडीभोवती वाळून खडखडीत झाले होते. नवे आणायला सर भडगावला गेले, तर खदानीवर ट्रॅक्टर चालू होते. झुलालनाना खड्डा बुजवत होते. सर त्यांच्याशी भांडायला लागले. हा ठेवा आहे, बुजवू नका, वगैरे. झुलालनाना शेवटी म्हणाले, "सर, तुम्हनामुये मनी खदान बदनाम व्हयनी." बातमीनंतर पोरं तिथे पोहायला यायला लागली होती, एक बुडता बुडता वाचला होता, आणि बुजवा नाहीतर कुंपण घाला अशी तंबी नानांना मिळाली होती. बोलता बोलता नानांनीच सांगितलं, की ते तळं नुसतं पडून राहायला नको म्हणून त्यांनी मागे एकदा त्यात बाहेरून आणलेलं मत्स्यबीज सोडलं होतं. सरांच्या लक्षात तेव्हाच आलं असणार. एका कोपऱ्यातले ओले दगड ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांनी आणले.

या वेळी त्यांनी गच्ची नाही, न्हाणीघरातली एक बादली वापरली. रोज एकेक दगड सूक्ष्मदर्शकाखाली. बरेच दिवस काही नाही. मग एका दुपारी मला बोलावणं आलं. दगडाच्या खाचेत एक कोंब होता, बिनहातांचा, ठेंगणा. दुर्लक्ष व्हावं असाच. सर पुन्हा पुन्हा डोळा लावत होते आणि मागे होत होते. "हा आहे," ते म्हणाले. "हा तिथे होता, मी बसलो होतो तिथेच खाली."

तो पुण्याला गेला, त्याचा डीएनए तपासला गेला. चीनकडचाच. मत्स्यबीजाबरोबर आलेला. गिरणा नाही, सह्याद्री नाही. नोंद दुरुस्त झाली, भडगावपुढचा "अपुष्ट" शब्द गेला आणि निरीक्षक म्हणून अभिमन पवार, बेबाबाई पाटील अशी दोन नावं लागली. बहिणीचं नाव घालायचा आग्रह सरांचाच.

मी पेढे घेऊन गेले तर सर खिडकीशी तोंड करून बसले होते. म्हणाले, "एवढंच सिद्ध झालं, बाई, की मी खोटं बोललो नव्हतो. हे सिद्ध करायला एवढी वर्षं लागावीत? आणि जे मला वाटलं होतं ते तर चुकलंच." मी म्हटलं, की नोंद झाली, हे काय कमी आहे. त्यांना ते आवडलं नाही. त्याच आठवड्यात बाजारात कुणीतरी अभिनंदन केलं, ऑक्टोपस मिळाला म्हणून.

आता त्यांना वेगळाच ध्यास लागला आहे. एका तळ्यातले हे जेलीफिश सगळे नर तरी असतात किंवा सगळ्या माद्या तरी, असं ऋतिकाने सांगितलं. खदानीतले कोणते, ते छत्री मिळाल्याशिवाय कळत नाही. कोपऱ्यात अजून थोडं पाणी शिल्लक आहे. भराव पुरला नाही म्हणून तेवढं राहिलं, बाकी काही नाही. यंदा मे महिन्यात सर पुन्हा गेले. या वेळी प्रमिलाबाईही बरोबर गेल्या, नणंदेला भेटायला म्हणून. मीही गेले.

रोज सकाळी आम्ही त्या कोपऱ्यापाशी बसलो. फॉर्मॅलिन होतं, काचेच्या बरण्या होत्या, चांगला कॅमेरा होता. एकही छत्री वर आली नाही. शेवटच्या दिवशी सर एसटीत चढले आणि डोळे मिटून बसले. मी मागच्या सीटवर होते. गाडी भडगाव सोडून पाचोऱ्याच्या रस्त्याला लागली. प्रमिलाबाई बाहेर कपाशीच्या मोकळ्या रानांकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "अहो, त्यांना डोळे असतात का?"

सरांनी डोळे उघडले. इतक्या वर्षांत प्रमिलाबाईंनी त्या प्राण्याबद्दल काही विचारण्याची ही पहिलीच वेळ असावी. ते म्हणाले, की डोळे नसतात, पण छत्रीच्या कडेला बारीक बारीक पिशव्या असतात, त्यांनी त्याला वर कुठे आणि खाली कुठे ते कळतं. मग त्यांना ते अपुरं वाटलं असणार, कारण ते सीटवर वळून बसले, हाताचा पंजा पसरून तो मिटून-उघडून दाखवायला लागले, आणि जळगाव येईपर्यंत बोलत राहिले.